मदत हवी आहे: मांजरीला तीनदा आंघोळ घातली, तरी केस मोकळे होत नाहीत

विश्रामबागकर, सांगली
नमस्कार. आमच्या चिंगीला कालपासून तीनदा आंघोळ घातली, तरी तिच्या पोटाकडचे आणि मागच्या डाव्या पायाचे केस एकमेकांना चिकटलेलेच आहेत. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले आहेत आणि आता बादलीचा आवाज आला तरी ती कपाटाखाली जाऊन बसते. मांजरीला आंघोळ नेमकी कशी घालावी आणि कोणता शाम्पू वापरावा, हे कृपया आजच सांगा, कारण ती सारखी तेच ठिकाण चाटत आहे.

हरिपूरकर
ताई, मांजराला आंघोळ घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे वीस वर्षांत पाच मांजरे झाली आणि एकालाही आम्ही कधी पाणी लावले नाही. मांजर आपले अंग आपल्या जिभेने स्वच्छ ठेवते. तुम्ही तिला चाटू द्या, दोन दिवसांत केस आपोआप मोकळे होतील.

कृष्णाकाठ
हरिपूरकरकाका, एरवी तुमचे म्हणणे मान्य आहे, पण प्रत्येक वेळी ते लागू पडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत एक मांजरी सापडली, तिच्या अंगावर गाळाचे इतके जाड थर वाळले होते की तिला पायही नीट उचलता येत नव्हता. तिला आंघोळ घालण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ताई, नळाखाली धरू नका. त्या आवाजानेच मांजर बिथरते. दोन घमेली घ्या, एकात साबणाचे आणि दुसऱ्यात साधे पाणी ठेवा, आणि दोन्हींच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा, म्हणजे तिचे पाय घसरणार नाहीत आणि ती तुमच्या हातावर चढण्याचा प्रयत्न करणार नाही. मांजरीच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणून पाणी कोमट हवे. डोके भिजवू नका, कानांत पाणी जाऊ देऊ नका, तोंड ओल्या फडक्याने पुसा. आधी नखांची टोके कापून घ्या. तिचे वय किती आहे आणि केस लांब आहेत की आखूड, हे तुम्ही लिहिलेले नाही.

माजघर
पिसवा झाल्या असतील. पाण्यात चार थेंब डेटॉल घाला, पिसवाही जातील आणि वासही जाईल.

कराडची मनी
माजघरताई, हा सल्ला कृपया मागे घ्या. डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉल आणि फरशीच्या फिनाइलमधील द्रव्ये मांजराच्या यकृताला आपल्यासारखी पचवता येत नाहीत. अंगावर राहिलेले द्रव्य मांजर चाटून पोटात घेते, त्यामुळे ‘चारच थेंब’ हा हिशेब तिथे चालत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त पावडरही मांजराला जीवघेणी ठरू शकते. शिवाय पिसवांविषयी ताईंनी विचारलेलेच नाही.

विश्रामबागकरताई, केसांना नेमके काय चिकटले आहे, ते आधी सांगा. ते कळल्याशिवाय चौथी आंघोळ घालू नका.

विश्रामबागकर, सांगली
वय ७ महिने, साधी देशी मांजर, केस आखूड. परवा रात्री तांदळाच्या पोत्यामागे उंदरांसाठी चिकट पुठ्ठा ठेवला होता, त्यावर ती बसली. पुठ्ठा आम्ही लगेच काढला, म्हणून ते लिहिण्याची गरज वाटली नाही.

कराडची मनी
ताई, सगळे उत्तर त्या पुठ्ठ्यातच आहे. तो गोंद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तुम्ही तीनच काय, दहा आंघोळी घातल्या तरी तो निघणार नव्हता. त्याला तेल लागते. स्वयंपाकातले शेंगतेल तळहातावर घेऊन चिकटलेल्या केसांत हळूहळू जिरवा, दहा मिनिटे थांबा, बोटांनी केस सुटे करा आणि मऊ फडक्याने पुसून घ्या. हे दोन-तीनदा करावे लागेल. तोवर कोणीतरी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरावे. मधल्या काळात उरलेल्या चिकट भागावर थोडे पीठ भुरभुरवले, तर दुसरे केस त्याला चिकटत नाहीत. तेलाचे काम संपल्यावर मगच, कृष्णाकाठ यांनी सांगितले तशी, एकच आंघोळ घाला.

वाठारकर
गॅरेजमध्ये असा चिकटा रॉकेलने चुटकीसरशी निघतो. तेलाने इतका वेळ का घालवावा?

कृष्णाकाठ
वाठारकर, लोखंडाची आणि कातडीची गोष्ट एक नाही. रॉकेलने मांजराची कातडी भाजते, आणि ते चाटताना फुप्फुसात गेले तर जीव धोक्यात येतो. मी मात्र शेंगतेलाऐवजी साधे खोबरेल वापरले असते.

कराडची मनी
खोबरेल चालेल, पण सुगंधी नको, आणि थंडीत ते गोठते. घरात जे खाण्याचे तेल आहे, तेच उत्तम.

हरिपूरकर
गोंद आहे हे मला ठाऊक नव्हते. तिला चाटू द्या, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेता येईल का, ते पाहावे.

कराडची मनी
काका, सांगलीहून शिरवळ दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एवढ्यासाठी जवळचा पशुवैद्य पुरेसा आहे. ती खात नसेल, लाळ गाळत असेल किंवा धाप लागली असेल, तर मात्र आजच न्या. कात्रीने केस कापू नका. मांजराची कातडी सैल असते, केसांबरोबर ती चिमटीत येते आणि कापली जाते.

विश्रामबागकर, सांगली
शेंगतेल तीनदा लावले. सासूबाईंनी तिला टॉवेलमध्ये धरले आणि मी केस सुटे केले. पोटाकडचा सगळा गोंद निघाला. नंतर घमेल्यात, मांजरांसाठी मिळणाऱ्या शाम्पूने, पाच मिनिटांत आंघोळ झाली आणि या वेळी तिने एकदाही ओरबाडले नाही. पायाच्या बोटांमधला थोडा गोंद राहिला होता, तो आज सकाळी पशुवैद्यांनी मशीनने केस काढून मोकळा केला. ती जेवली आहे आणि उन्हात बसून अंग चाटत आहे. उरलेले तीनही पुठ्ठे मी घराबाहेर काढले आहेत.