परदेशातील युद्ध आणि फुटबॉल : पाठिंब्याची किंमत कोणी मोजली?

मांडवी :

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत युरोपातील फुटबॉल क्लबांनी आणि राष्ट्रीय संघटनांनी जे केले आणि जे करायचे टाळले, त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या युद्धात एखाद्या संघाने दाखवलेला पाठिंबा त्या संघाला किती महागात पडणार होता, यावरच त्याची पारख करावी. स्टेडियमवरची निळी-पिवळी रोषणाई, सामन्याआधी एक मिनिट स्तब्ध उभे राहणे, कर्णधाराच्या दंडावरची पट्टी, यांत वाईट काहीच नाही. पण ज्याने गमावण्यासारखे काही पणाला लावले नाही, त्याच्या कृतीला फार तर शिष्टाचार म्हणता येईल.

पोलंडचे उदाहरण घ्या. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी पोलंडला 24 मार्च रोजी मॉस्कोत रशियाविरुद्ध खेळायचे होते. 26 फेब्रुवारीला पोलिश संघटनेचे अध्यक्ष चेझारी कुलेशा यांनी आम्ही हा सामना खेळणार नाही असे जाहीर केले आणि कर्णधार रॉबर्ट लेवांडोव्स्कीने त्यांना उघड साथ दिली. पाठोपाठ स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक यांनीही तीच भूमिका घेतली. दुसऱ्या दिवशी फिफाने तोडगा काढला, तो असा की रशियाने आपले नाव, ध्वज आणि राष्ट्रगीत बाजूला ठेवून तटस्थ मैदानावर, प्रेक्षकांविना खेळावे. पोलंडने तोही त्याच दिवशी धुडकावला. त्या घटकेला फिफा झुकेल याची कोणतीही खात्री नव्हती. न खेळणाऱ्या संघाला पराभूत ठरवण्याचा नियम मात्र पुस्तकात होता. लेवांडोव्स्कीने तेव्हा तेहतिशी ओलांडलेली होती आणि विश्वचषकात त्याच्या नावावर एकही गोल नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ‘नाही’चे वजन कळते. 28 फेब्रुवारीला फिफा आणि युरोपीय फुटबॉलची संघटना युएफा यांनी रशियन संघांना निलंबित केले. चर्चेने सुटला नसता असा पेच तीन संघटनांच्या नकाराने दोन दिवसांत सोडवला.

क्लबांमध्ये मला जर्मनीचा शाल्के महत्त्वाचा वाटतो. 2007 पासून त्याच्या जर्सीवर गाझप्रोम ही रशियन सरकारी वायू कंपनी होती. 2022 च्या सुरुवातीला क्लब कर्जात होता आणि दुसऱ्या श्रेणीत घसरलेला होता. तरीही हल्ल्याच्याच दिवशी त्याने जर्सीवरून ते नाव उतरवण्याचे ठरवले, दोन दिवसांनी कार्ल्सरूहच्या मैदानात संघ छातीवर केवळ ‘शाल्के 04’ अशी अक्षरे घेऊन उतरला, आणि 28 तारखेला करारच संपवला. याउलट 5 मार्चला बर्नलीच्या मैदानावर युक्रेनसाठी टाळ्या वाजवल्या जात असताना चेल्सीच्या काही चाहत्यांनी आपले रशियन मालक रोमान अब्रामोविच यांच्या नावाचा घोष केला आणि प्रशिक्षक थॉमस टुकेल यांना आपल्याच प्रेक्षकांबद्दल जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. तिथे टाळ्यांचा सोपस्कार पार पडत होता. पण मालकाने दिलेल्या करंडकांचा प्रश्न आल्यावर मन दुसरीकडे गेले.

*

कृष्णाकाठ :

मांडवी, तुमची उदाहरणे योग्य आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पाठिंब्याची किंमत तुम्ही देणाऱ्याच्या खिशातून मोजत आहात. ज्याला तो पाठिंबा द्यायचा आहे, त्याच्या बाजूने एकदा पाहा.

माझा भाचा तेव्हा खारकीव्हमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या वर्षाला होता. सांगली जिल्ह्यातली त्याच्यासारखी आणखी मुले तिथे होती. वसतिगृहाच्या तळघरात चाळीस-पन्नास जण, अंगावर घराबाहेर घालायचे जाडे कोट तसेच, आणि भ्रमणध्वनीचे चार्जिंग पुरवून वापरायचे म्हणून दिवसातून दोनदाच घरी बोलायचे असा त्यांचा क्रम होता. 26 फेब्रुवारीच्या रात्री त्याच्या युक्रेनी वर्गमित्राने आपल्या फोनवर एक चित्रफीत लावली. लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि मँचेस्टर सिटी यांचा सामना होता. सिटीचा ओलेक्सांद्र झिंचेन्को आणि एव्हर्टनचा विताली मिकोलेन्को, दोघेही युक्रेनचे आणि दोघेही त्या दिवशी राखीव बाकावर, सामन्याआधी एकमेकांच्या गळ्यात पडले. एव्हर्टनचे खेळाडू युक्रेनचा ध्वज पांघरून मैदानात आले आणि सगळे प्रेक्षक उभे राहिले. ती चित्रफीत तळघरात फोनच्या बॅटरीचा विचार न करता तीन वेळा पाहिली गेली, असे भाचा सांगतो. त्या मिठीने इंग्लंडमधल्या कोणाचे काहीच गमावले गेले नसेल. पण तळघरातल्या माणसांना आपण जगाच्या नजरेआड झालेलो नाही एवढे कळले, आणि त्या रात्री त्यांना तेच हवे होते.

दुसऱ्या दिवशी लिस्बनमध्ये बेनफिका क्लबचा युक्रेनी खेळाडू रोमान यारेमचुक बदली खेळाडू म्हणून मैदानात आला तेव्हा बेल्जियमच्या यान व्हर्टोंगनने आपल्या दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून त्याच्या दंडावर चढवली. यारेमचुकला रडू आवरले नाही. तुमच्या हिशेबात या पट्टीचे मोल शून्य होईल, आणि म्हणूनच तो हिशेब मला अपुरा वाटतो.

*

रात्रपाळी :

वरील दोन्ही प्रतिसादांत मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे, तो म्हणजे पाठिंबा कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही.

त्याच आठवड्यात तुर्कस्तानात एर्झुरुमस्पोर संघाचा कर्णधार आयकुत देमिर याने ‘युद्ध नको’ असे लिहिलेला शर्ट घालण्यास नकार दिला. निरपराध लोकांबद्दल मला दुःख आहे, परंतु मध्यपूर्वेत रोज माणसे मरतात तेव्हा हे शर्ट कोणी शिवत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर टीकेची झोड उठली, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर कोणी दिले नाही.

आता सेल्टिक या स्कॉटिश क्लबच्या चाहत्यांकडे पाहा. 2016 मध्ये हापोएल बेर शेव्हा या इस्रायली क्लबविरुद्धच्या सामन्यात ग्लासगोच्या प्रेक्षकांनी पॅलेस्टाइनचे ध्वज फडकावले, म्हणून युएफाने क्लबला दंड केला. चाहत्यांनी दंडाइतकी वर्गणी पॅलेस्टिनी संस्थांसाठी गोळा करायचे ठरवले आणि बघता बघता दीड लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. ऑक्टोबर 2023 मध्ये ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध पुन्हा तेच ध्वज आणि पुन्हा दंड. म्हणजे एका देशाचा ध्वज खेळाडूंनी खांद्यावर घेतला की ती माणुसकी, आणि दुसऱ्या लोकांचा ध्वज प्रेक्षकांनी हातात धरला की ते राजकारण. जर्मनीत माइन्झ क्लबने आपला खेळाडू अन्वर एल गाझी याचा करार गाझाविषयीच्या मजकुरावरून रद्द केला. पुढे न्यायालयाने तो निर्णय बेकायदा ठरवला आणि मिळालेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्याने गाझातील मुलांसाठी देऊ केला. ऑगस्ट 2025 मध्ये पॅलेस्टाइनचा माजी खेळाडू सुलेमान अल-ओबेद गाझात मारला गेला. युएफाने समाजमाध्यमावर श्रद्धांजली वाहिली, परंतु मृत्यू कसा आला त्याचा उल्लेख नव्हता. तो कसा, कुठे आणि का मरण पावला हे सांगाल का, असे मोहम्मद सालाहने विचारले. त्यानंतर काही दिवसांतच इटलीतील उदिने येथे युएफाच्या सुपर कपच्या सामन्याआधी मुलांना आणि नागरिकांना मारणे थांबवा असा फलक मैदानावर धरला गेला, आणि त्यावरही मारणाऱ्याचे नाव नव्हते.

मांडवी यांची कसोटी इथे लावली तर पोलंडपेक्षा सेल्टिकचे गॅलरीतले प्रेक्षक आणि एल गाझी अधिक खरे उतरतात, कारण त्यांनी खरोखर किंमत मोजली आणि त्यांच्या पाठीशी कोणतीही संघटना उभी नव्हती. ही गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती.

*

जुना बॅक :

मी स्वतः स्थानिक लीगमध्ये पंधरा वर्षे खेळलो आहे, त्यामुळे मला प्रश्न खेळाडूच्या बाजूने दिसतो. देशाच्या सरकारने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा संघाला देणे मला अजूनही पटलेले नाही. फ्योदोर स्मोलोव्ह या रशियाच्या खेळाडूने पहिल्याच दिवशी समाजमाध्यमावर ‘युद्ध नको’ असे लिहिले. माजी कर्णधार इगोर देनिसोव्ह जून 2022 मध्ये मुलाखतीत युद्धाविरुद्ध स्पष्ट बोलला, आणि हे बोलल्याबद्दल आपल्याला तुरुंगात टाकतील किंवा मारतीलही, हे त्याने तिथेच सांगितले. वॉर्सात किंवा स्टॉकहोममध्ये बसून घेतलेल्या भूमिकेपेक्षा हे धाडस कितीतरी मोठे आहे. आणि निलंबनाचा फटका असे बोलणाऱ्यांना आणि गप्प बसणाऱ्यांना सारखाच बसतो.

1992 चा युगोस्लाव्हिया आठवा. बोस्नियातल्या युद्धावरून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 30 मे रोजी निर्बंधांचा 757 क्रमांकाचा ठराव केला आणि युरोपीय स्पर्धेसाठी स्वीडनमध्ये दाखल झालेला संघ परत पाठवला गेला. त्याच्या जागी ऐनवेळी बोलावलेला डेन्मार्क विजेता ठरला, म्हणून ती कहाणी सर्वांना गोड वाटते. पण त्या पिढीतल्या खेळाडूंची उमेदीची वर्षे गेली, आणि बोस्नियाची राजधानी सारायेव्होचा वेढा स्पर्धा संपल्यावरही साडेतीन वर्षांहून अधिक काळ चालूच राहिला. बंदी घालून एकही तोफ थांबली नाही. मग ती कोणासाठी होती?

*

मांडवी :

जुना बॅक, तुम्ही 1992 चा विषय काढलात, म्हणून त्यातलाच एक माणूस सांगतो, जो मला या संपूर्ण विषयाच्या केंद्रस्थानी वाटतो. त्या संघाचे प्रशिक्षक इव्हिचा ओसिम सारायेव्होचे होते. त्यांची पत्नी वेढ्यात अडकली होती. बंदीच्या ठरावाच्या आठवडाभर आधी, 23 मे रोजी, ते बेलग्रेडमध्ये पत्रकारांसमोर आले आणि त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. सारायेव्होसाठी आपल्या हातून एवढेच होऊ शकते, असे त्यांचे सांगणे होते, आणि ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या संघाला ते दोन वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत घेऊन गेले होते, जो युरोपचा विजेता होऊ शकेल असे जाणकार म्हणत होते, तो संघ त्यांनी स्वतःहून सोडला. त्यांनाही ठाऊक होते की यामुळे तोफा थांबणार नाहीत. गोळीबार थांबला की नाही, या एकाच मापाने या कृतीकडे पाहिले तर ओसिम व्यर्थ ठरतात, आणि तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रशियन खेळाडूंवर अन्याय होतो, हे मी मान्य करतो. परंतु बंदीला पर्याय होता तो खेळण्याचा, आणि खेळायचे कोणाला, तर ज्यांच्या शेजारच्या देशातून लाखो बायका-मुले रोज आपल्या स्थानकांवर उतरत होती त्या पोलंडच्या अकरा जणांना. त्यांना तसे भाग पाडणे हाही अन्यायच झाला असता. आपल्याकडे 1974 मध्ये भारत टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार देऊन त्याने चषक सोडून दिला. तो चषक आपल्याला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही मिळालेला नाही. अमृतराज बंधूंच्या वाट्याचे ते नुकसान खरेच होते, तरीही तो निर्णय चुकीचा होता असे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

रात्रपाळी, तुमचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. सेल्टिकचे प्रेक्षक मूळ लेखात यायला हवे होते. मात्र गाझासाठी युएफा गप्प राहिली म्हणून युक्रेनसाठी पोलंड बोलला ते खोटे, असा अर्थ त्यातून काढू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये नॉर्वेच्या संघटनेने ऑस्लोतल्या इस्रायलविरुद्धच्या पात्रता सामन्याचे उत्पन्न गाझात काम करणाऱ्या ‘सीमांविना डॉक्टर’ या संस्थेला दिले. सामना खेळायचे बंधन मोडता येत नसताना त्यांनी ही वाट शोधली, आणि तीही मी माझ्या कसोटीत बसवतो.

कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याच्या तळघराबद्दल वाचल्यावर ‘शिष्टाचार’ हा माझा शब्द मला जड जातो आहे. तो मी मागे घेतो.

*

रात्रपाळी :

पोलंड खोटा होता असे मी म्हटलेले नाही. नियम सर्वांना सारखा नसेल तर नियम लावणाऱ्याला माणुसकीचे श्रेय मिळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि नॉर्वेच्या उदाहरणानंतरही ते कायम आहे. कारण नॉर्वेला स्वतःचे उत्पन्न द्यावे लागले, तर रशियाच्या वेळी युएफाने चॅम्पियन्स लीग स्पर्धेचा अंतिम सामना एका दिवसात सेंट पीटर्सबर्गहून पॅरिसला हलवला होता.

*

कृष्णाकाठ :

मांडवी, शब्द मागे घेतल्याबद्दल आभार. एका गोष्टीची भर घालते, कारण मदतीच्या नावाखाली काही वेळा किंमत पीडितालाच मोजावी लागते. युद्ध सुरू झाल्यावर फिफाने युक्रेनी क्लबांतल्या परदेशी खेळाडूंना करार स्थगित करून इतरत्र खेळण्याची मुभा दिली. खेळाडूंच्या जिवाच्या दृष्टीने ते योग्यच होते, परंतु शाख्तार दोनेत्स्कचे खेळाडू फुकट गेले, आणि भरपाई मागितल्यावर क्रीडा लवादाने ती मागणी फेटाळली. 2014 पासून आपल्या शहरात पाऊल न ठेवलेला हा क्लब. ल्विव्ह, खारकीव्ह, कीव्ह करत करत त्याने युरोपीय सामन्यांसाठी आधी वॉर्सा आणि मग हँबुर्ग गाठले. 2024-25 च्या हंगामात चॅम्पियन्स लीगचे ‘घरचे’ सामने तो गेल्सेनकिर्शेनमध्ये खेळला, म्हणजे तुम्ही वर्णन केलेल्या शाल्केच्याच मैदानावर.

भाचा पोलंडमार्गे घरी परतला आणि पुढचे शिक्षण त्याने दुसऱ्या देशात पूर्ण केले. तो वर्गमित्र खारकीव्हमध्येच राहिला. ऑगस्ट 2022 मध्ये युक्रेनची लीग प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ल्विव्हमध्ये खारकीव्हच्या मेटालिस्ट क्लबचा रुख या क्लबशी सामना होता. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की दोन्ही संघ आणि पंच आश्रयस्थानात जात, भोंगा थांबला की बाहेर येऊन पुन्हा अंग गरम करत आणि उरलेली मिनिटे खेळत. नव्वद मिनिटांचा तो सामना संपायला जवळजवळ साडेचार तास लागले. वर्गमित्राने त्या संध्याकाळी भाच्याला मेटालिस्टचा निकाल कळवला होता, आणि संदेशात बाकी काही लिहिले नव्हते.