अष्टपैलूची जागा कोणाची: सोबर्स, कॅलिस की इम्रान?

प्रश्न: कसोटी क्रिकेटचा सर्वकालीन संघ भूमिकेनुसार निवडताना ९९.९४ च्या फलंदाजीच्या सरासरीमुळे ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांच्याविषयी वाद उरत नाही. परंतु अष्टपैलू (फलंदाजी व गोलंदाजी दोन्ही करणारा खेळाडू) म्हणून वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्स यांचे नाव गृहीत धरले जाते, ते दक्षिण आफ्रिकेच्या जॅक कॅलिस यांच्या आकड्यांसमोर टिकते का?

प्रतिसाद १: कॅलिस यांच्या १३,२८९ धावा व २९२ बळी हे सोबर्स यांच्या ८,०३२ धावा व २३५ बळींहून अधिक आहेत खरे, मात्र त्यासाठी त्यांना १६६ सामने मिळाले आणि सोबर्स केवळ ९३ खेळले. शिवाय सोबर्स वेगवान, पारंपरिक (बोटांनी केलेली) फिरकी आणि मनगटी फिरकी अशी तिन्ही प्रकारची गोलंदाजी करत असल्याने कर्णधाराला एकाच खेळाडूत तीन गोलंदाज लाभत.

प्रतिसाद २: गोलंदाजीच्या सरासरीत (प्रत्येक बळीमागे दिलेल्या धावा; जितक्या कमी तितके चांगले) मात्र कॅलिस (३२.६५) सोबर्स यांच्यापेक्षा (३४.०३) सरस आहेत. माझ्या मते दोघेही मुळात फलंदाज होते. फलंदाजीच्या सातव्या क्रमांकासाठी २२.८१ च्या सरासरीने ३६२ बळी घेणारे पाकिस्तानचे इम्रान खान अधिक उपयुक्त ठरतील.

प्रश्नकर्ता: सातव्या क्रमांकावर मी ऑस्ट्रेलियाच्या ॲडम गिलख्रिस्ट यांना यष्टिरक्षक म्हणून ठेवले आहे, त्यामुळे इम्रान आठव्या स्थानी येतील आणि सोबर्सही संघात राहतील, वगळावे लागेल ते कॅलिस यांना.