किश्लोव्स्की फ्रान्सला गेला आणि पातळ झाला?

रीळ :
पोलिश दिग्दर्शक क्षिश्तोफ किश्लोव्स्की (१९४१–१९९६) म्हटलं की लोक थेट ‘थ्री कलर्स’ या फ्रेंच चित्रत्रयीवर (‘ब्ल्यू’, ‘व्हाइट’, ‘रेड’) उडी मारतात. माझं स्पष्ट मत : त्याचं अस्सल काम पोलंडमध्येच झालं. ‘हॉस्पिटल’ (१९७६) हा माहितीपट बघा. सर्जनांची सलग ३२ तासांची पाळी, आणि हाडात खिळा ठोकताना हातातला हातोडाच मोडतो. अख्खी व्यवस्था त्या एका शॉटमध्ये येते, निवेदनाची गरजच नाही. ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’मध्ये (१९८८) टॅक्सीवाल्याचा खून कितीतरी मिनिटं चालतो. आधी दोरी, मग सळई, शेवटी दगड, कारण माणूस पटकन मरत नाही. आणि फाशीच्या तयारीत पायाखालच्या झडपेखाली घाण झेलायला ट्रे सरकवला जातो. पुढे फ्रान्सच्या पैशांवर केलेल्या ‘व्हेरोनिक’मध्ये (१९९१) हे सगळं गेलं, उरला तो सोनेरी उजेड.

तिसरी घंटा :
पूर्ण असहमत. माहितीपटापासून तो दूर गेला तो फ्रान्सच्या पैशांमुळे नाही. ‘स्टेशन’चं (१९८०) शूटिंग वॉर्साच्या मध्यवर्ती स्थानकावर चाललं होतं, तेव्हा पोलिसांनी फिल्म ताब्यात घेतली. एका मुलीने आईचा खून करून मृतदेहाचे तुकडे तिथल्या लॉकरमध्ये ठेवले होते, आणि ती कॅमेऱ्यात आली असेल असा त्यांचा संशय होता. ती फिल्मवर दिसली नाही. पण दिसली असती तर तो नकळत पोलिसांचा खबऱ्या ठरला असता. खऱ्या माणसांच्या आयुष्यात कॅमेरा किती आत न्यायचा, हा प्रश्न मग त्याला सोडेना. नटाचे अश्रू टिपताना हे ओझं नसतं. म्हणजे कथापटांकडचं हे वळण पोलंडमध्येच आलं, फ्रान्सच्या दहा वर्षं आधी!

शिवाय नजर तीच राहिली. ‘ब्ल्यू’मध्ये (१९९३) नवरा आणि मुलगी गमावलेली ज्युली साखरेचा खडा कॉफीला टेकवते आणि कॉफी वर चढते. हे साधारण ५ सेकंदांत व्हायला हवं होतं. त्याहून जास्त वेळ लागला तर प्रेक्षक कंटाळेल, म्हणून सहायकाला वेगवेगळी साखर भिजवून बघायला लावलं. याला पातळ म्हणायचं?

काळी काच :
छायाचित्रणाचा मुद्दा राहतोय. ‘किलिंग’, ‘व्हेरोनिक’, ‘ब्ल्यू’ तिन्ही स्लावोमिर इजाक यांनीच टिपले. ‘किलिंग’साठी त्यांनी हिरवे फिल्टर खास बनवून घेतले, शिवाय फ्रेमचे काही भाग काळे केले. त्यामुळे वॉर्सा कुजल्यासारखं दिसतं आणि नजर माणसावरून हलत नाही. ‘व्हेरोनिक’मधला सोनेरी फिल्टर मात्र सगळ्यांनाच सारखा गोंजारतो. इथे मी रीळ यांच्या बाजूने.

‘ब्ल्यू’ला मात्र हात लावू नका. पडदा काळा होतो, संगीत आदळतं, आणि चित्र परततं ते त्याच क्षणावर. काळ सरकलेलाच नसतो. दुःख विसरू पाहणाऱ्या बाईसाठी याहून नेमकी युक्ती मला माहीत नाही.

रीळ :
‘ब्ल्यू’ मान्य, आणि ‘स्टेशन’बद्दलही माघार घेतो. पण ‘डेकालॉग’ या त्याच्या टीव्ही मालिकेचं गणित बघा. टीव्हीचे पैसे दहा भागांना पुरत नव्हते, म्हणून पाचवा आणि सहावा भाग लांबवून दोन चित्रपट द्यायच्या बोलीवर सांस्कृतिक खात्याकडून पैसे उभे केले. त्या ओढाताणीतून ‘किलिंग’ निघाला आणि १९८८ला कानच्या चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक घेऊन आला. ‘व्हेरोनिक’मध्ये अशी ओढाताण कुठेच जाणवत नाही.

तिसरी घंटा :
मग रिकामी बाटली रस्त्यावरच्या पेटीत टाकायला धडपडणारी म्हातारी आठवा. ‘ब्ल्यू’मध्ये ज्युली डोळे मिटून बसलेली, ‘व्हाइट’मध्ये कारोल नुसता बघतो, ‘रेड’मध्ये व्हॅलेंटाइन जाऊन बाटली आत ढकलते. तीन चित्रपट मिळून एक छोटीशी कृती, आणि एकही वाक्य खर्च न करता.