पोलंडचं राष्ट्रगीत बायकांच्या समूहगानात बसवायचंय, मदत हवी

नमस्कार. सोलापुरात बाळीवेशीत आमचं समूहगानाचं मंडळ आहे, चौदा जणी. दरवर्षी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांसाठी देशगीतं म्हणतो.

आई माहेरची कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची, वय ८८. १९४३ ते ४८ तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बायका-मुलंच जास्त. आजोबा तिथं दूध घालायचे, आई त्यांच्या मागं मागं. आता माणसांची नावं विसरते, पण एक चाल अजून गुणगुणते, शब्दांशिवाय. परवा भाचीनं मोबाईलवर पोलंडच्या स्वातंत्र्यदिनाचं, ११ नोव्हेंबरचं समूहगान लावलं. राष्ट्रगीत सुरू झालं आणि आईचं बोट खुर्चीच्या हातावर पडायला लागलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. डोळे मिटलेले. तीच चाल!

यंदा ११ नोव्हेंबरला घरीच, तिच्यासमोर ते म्हणायचं ठरवलंय. चाल पेटीवर काढली. पण त्यांचे आवाज चार वेगवेगळ्या सुरांत जातात, आम्ही सगळ्या एका सुरात गाणाऱ्या. शिवाय दादऱ्यात धरलं की भजन वाटतंय. काय करू?

उत्तर १ (कोल्हापूर, पियानो शिकवतो)
ताई, तो मझुरका आहे, म्हणजे पोलिश लोकनृत्याची लय. मात्रा तीनच, पण दादऱ्यात वजन पहिलीवर येतं, मझुरक्यात ते दुसरी-तिसरीवर सरकतं. तबला बाजूला ठेवा, आधी नुसत्या टाळ्यांवर बसवा. चार आवाजांचा हट्ट नको. मुळात हे पलटणीचं गाणं, १७९७ साली इटलीतल्या पोलिश सैनिकांसाठी युझेफ विबित्स्कीनं लिहिलेलं. कडवं सगळ्यांनी एका सुरात घ्या. धृपदात मात्र चौघीजणी खालून जाऊ देत: चाल पंचमावर असेल तिथं त्यांनी गंधार धरायचा. एवढ्यानंही घर भरून जातं.

उत्तर २ (जुळे सोलापूर, सध्या क्राकूव, पोलंड)
काकू, वाचून अंगावर काटा आला. पहिली ओळ अशी म्हणा: 'येश्चे पोल्स्का न्ये झ्गिनेवा'. शेवटी लिहिताना आडवी रेघ मारलेला एल असतो, त्याचा उच्चार 'व'. अर्थ, पोलंड अजून संपलेला नाही. लिहिलं तेव्हा नकाशावर पोलंड नव्हताच, १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं सगळा वाटून घेतला होता. परत उभा राहिला तो १९१८ साली. इथं ११ नोव्हेंबरला मोठ्या चौकात गाण्यांच्या पुस्तिका वाटतात आणि थंडीत म्हातारे-कोतारे, शाळेतली पोरं सगळी मिळून गातात. राष्ट्रगीताला ताठ उभं राहायचं असतं, आजींना मात्र बसूनच ऐकू द्या.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल टाळ्यांवर घेतलं, भजनाची छाया गेली. 'झ्गिनेवा' अजून निम्म्या जणींच्या तोंडात अडकतंय. आई आतल्या खोलीत झोपली होती असं वाटलं, तर तिथूनच आवाज आला, "एवढं सावकाश नव्हतं गं. ती पोरं ओळीत उभी राहायची आणि मोठ्यांदा म्हणायची." आज संध्याकाळी लय वाढवून बघतोय, आईची खुर्ची मधोमध ठेवून.