खळ घट्ट होण्यामागची साखळ्यांची गर्दी

सुताला लावायच्या खळीत पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, लांब साखळीसारख्या रेणूंचा पाण्यात विरघळणारा पदार्थ) ५ ऐवजी १० टक्के घेतल्यावर चिकटपणा (वाहायला होणारा विरोध) नुसता दुप्पट न होता कितीतरी जास्त का वाढतो, असा प्रश्न पडतो. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या ताण्याला (उभ्या सुताला) पांजणी करणाऱ्यांना, म्हणजे खळ लावणाऱ्यांना, हे हातानं ठाऊक असतं. कारण साखळ्यांच्या गर्दीत आहे.

पातळ द्रावणात रेणूंची वेटोळी सुटी तरंगतात. प्रमाण वाढलं की ती एकमेकांत शिरतात, गुंततात. मग साखळीला आडवं सरकता येत नाही. शेजाऱ्यांनी केलेल्या नळीतून सापासारखं लांबीच्या दिशेनंच सरपटावं लागतं. ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७१ साली मांडली. हिशेबाप्रमाणे चिकटपणा साखळीच्या लांबीच्या तिसऱ्या घातानं वाढायला हवा, प्रत्यक्ष मोजताना घात ३.४ येतो. म्हणजे लांबी दुप्पट, चिकटपणा सुमारे दहापट! प्रमाणाचंही तसंच. म्हणून घट्ट खळ सुतात न मुरता वरच बसते आणि मागावर झडते. अशा वेळी नुसतं पाणी वाढवण्यापेक्षा आखूड साखळीचा पीव्हीएचा ग्रेड (प्रकार) बघा.

पीव्हीएची पूड थंड पाण्यातच ढवळत सोडा, मग ९०–९५ अंशांवर शिजवा. गरम पाण्यात टाकली तर कणांवर चिकट पापुद्रा धरतो, आत गुठळी कोरडीच. पूर्ण हायड्रोलाइज्ड (बनवताना ॲसिटेट गट जवळजवळ सगळे काढलेल्या) ग्रेडची खळ गार होऊन पडून राहिली की हायड्रोजन बंधांनी आणखी घट्टावते. ती आधी तापवा, पाणी नंतर.