कर्नल अपडेट झाला आणि डेस्कटॉप येईना : तुमचे अनुभव लिहा

शाईवाला
सकाळी मावसबहिणीच्या मुलाचा फोन. "मामा, उबुंटू अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, आता नुसता काळा पडदा." त्याला फोनवरूनच जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सचा गाभा) नेलं. पण तेव्हापासून छापखान्यातली दिवाळी अंकाची एक रात्र डोक्यातून जात नाहीये.

अंक दुसऱ्या दिवशी मशीनवर चढायचा होता. संध्याकाळी पीसी चालू केला तर डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकतेय, बस्स. संपादकबाई शेजारी उभ्या. कुणीतरी म्हणालं, फॉरमॅट मारा. मी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबलं, काळ्या पडद्यावर लॉगिन आलं, आत शिरून पाहिलं तर अंकाचं फोल्डर जागच्या जागी! आधी ते पेनड्राइव्हवर घेतलं, मग रीस्टार्ट, ग्रबमध्ये (सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', आधीचा कर्नल. डेस्कटॉप हजर. नव्या कर्नलची हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आलीच नव्हती, त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) बांधलं गेलं नव्हतं. ते काम अंक छापून झाल्यावर केलं.

म्हणून कळकळीने सांगतो, फॉरमॅट म्हणणाऱ्याचा हात धरा. जुना कर्नल बहुतेक वेळा तिथेच असतो. तुमचंही लिहा.

गंधाली_क
माझं /बूट (कर्नल ठेवायची जागा) भरलं होतं. वेगळं पार्टिशन, जुने कर्नल साठून 100%. नव्याची इनिट्रॅमएफएस (सुरू होताना लागणारी फाइल) झालीच नाही, थेट कर्नल पॅनिक, म्हणजे सगळं ठप्प, रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही म्हणे. जुन्यावर जाऊन ऑटोरिमूव्हने नको ते कर्नल काढले. कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

रात्रपाळी
@गंधाली_क हाताने काढणार असाल तर आधी यूनेम -आर (चालू कर्नल दाखवणारी कमांड) बघा हं. चालू आहे तोच कर्नल काढू नका.

जुने_अंक
शाईवाले, अंक कोणता हो? मी दिवाळी अंक जमवतो, 70च्या दशकातलेही आहेत. आणि फॉन्ट कोणता वापरलात?

शाईवाला
नाव व्यनित (खाजगी निरोपात) सांगतो. मजकूर मुक्ता, शीर्षकं बालू. दोन्ही 'एक टाइप' या संस्थेचे, मोफत. जोडाक्षरं काय सुंदर बसतात!

जुने_अंक
बालूला तर तोड नाही. बाकी धाग्यातलं मला काही कळत नाही, पण वाचतोय.

लॅबवाले_सर
आमच्या आयटीआयच्या लॅबमध्ये कर्नल अपडेटसोबत ग्राफिक्स ड्रायव्हरही पहिल्यांदाच बसवला. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल चढू न देणारी सोय) चालू. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, 'एनरोल मॉक', तिथे आधी ठरवलेला पासवर्ड टाकायचा. मुलांनी घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं. सहीची किल्लीच नोंदली गेली नाही, मग मॉड्यूल कसं चढणार? आता तो निळा पडदा पोरांना फळ्यावर काढून दाखवतो.

मिरजकर
माझं वायफायपण गेलं कर्नलबरोबर. ड्रायव्हर उतरवायला नेट नाही, नेटला ड्रायव्हर नाही 😄 मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, झालं काम.

रात्रपाळी
उबुंटू 22.04 वर 6.5 कर्नल आला तेव्हाची गोष्ट. हेडर्स होती तरी मॉड्यूल बांधलं जाईना. डीकेएमएसचा (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं साधन) मेक डॉट लॉग उघडला, कारण तिथेच. कर्नल जीसीसी (कंपायलर) 12 ने बांधलेला, मशीनवर 11. बारा बसवला, डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल, सुटलं. लॉग वाचा लोकहो, त्यात उत्तर असतं.

टोपीवाला
फेडोरा लिनक्स मुळातच तीन कर्नल ठेवतं, म्हणून मी निवांत. आर्च लिनक्सवाल्यांनी मात्र एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल शेजारी बसवूनच ठेवावा, तिथे अपडेट झाला की जुना जातो.

सई_डोंबिवली
मदत करा ना कुणीतरी, आत्ता आईचा पीसी असाच अडकलाय! ग्रब दिसतच नाही, शिफ्ट दाबून बघितलं.

रात्रपाळी
यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं) असेल तर शिफ्ट नाही, एस्केप. कंपनीचा लोगो गेला की लगेच, एकदाच.

सई_डोंबिवली
ग्रब> असं काहीतरी आलं 😟

रात्रपाळी
जास्त वेळा दाबलं गेलं. इंग्रजीत normal हा शब्द टाइप करून एंटर, आणि लगेच एस्केप.

सई_डोंबिवली
मेनू आला!! ॲडव्हान्स्डमध्ये चार ओळी आहेत, दोन रिकव्हरीच्या. कुठली?

शाईवाला
सईताई, रिकव्हरी नसलेली, लहान आकड्याची.

सई_डोंबिवली
आला डेस्कटॉप! आईचे फोटो सगळे आहेत. खूप खूप आभार. हेडर्सचं संध्याकाळी विचारते, आईला आधी लाइटबिल भरायचंय.

गंधाली_क
वा सई! @रात्रपाळी हो, बघूनच काढले.