दोन कॉलमच्या अंकात हेडिंग आडवं पसरावं की कॉलममध्येच राहावं?

पंचगंगाकाठचा
आमच्या तालमीच्या स्मरणिकेचं मॅटर वर्डमध्ये टाइप होऊन आलंय. ए4 पान, दोन कॉलम. प्रत्येकानं हेडिंग आपापल्या मर्जीनं लावलंय. कुणी डाव्या कॉलमात कोंबलंय, कुणी टेक्स्ट बॉक्स टाकलाय, एकानं तर स्पेसबार मारत मारत ते मध्यावर आणलंय!

माझं मत: लेखाचं मुख्य हेडिंग दोन्ही कॉलमवर आडवंच हवं, आणि ते सेक्शन ब्रेकनंच (मजकुराचे वेगवेगळ्या मांडणीचे भाग पाडणाऱ्या खुणेनंच) करावं. साधा हिशेब बघा. ए4 ची रुंदी 210 मिमी. दोन्ही बाजूंचा समास 20-20 धरला आणि कॉलमांमधली फट 8 ठेवली, तर एका कॉलमला 81 मिमी उरतात. त्यात 'भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि अदृश्य सरस्वती' हे हेडिंग 26 पॉइंटात लावा. ते तुटून खाली उतरतं आणि 'आणि' एकटाच ओळीच्या टोकाला लोंबकळतो. आडव्या 170 मिमीत तेच ऐटीत बसतं.

करायलाही अवघड नाही. हेडिंग सोडून खालचा मजकूर निवडायचा आणि लेआउटमध्ये कॉलम्स, टू. मध्ये 'कंटिन्युअस' सेक्शन ब्रेक वर्ड आपण होऊन घालतो. कॉलम हा गुण वर्डमध्ये सेक्शनला असतो, परिच्छेदाला नसतो. त्यामुळं 'हे हेडिंग आडवं पसर' असं स्टाईलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या मांडणीत) लिहून ठेवायची सोयच नाही.

लक्ष्मीपुरीतला छापखानेवाला
भाऊ, एवढा खटाटोप करताय कशाला? फाइल आली की आम्ही पहिल्यांदा काय करतो, तर तुमचे कॉलम मोडतो. तुम्ही पान लावायचंच नाही. एका कॉलमात सरळ मॅटर द्या, लेखाच्या नावाला 'हेडिंग 1', पोटातल्या हेडिंगला 'हेडिंग 2', बास. इनडिझाईन या आमच्या पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्पॅन कॉलम्स' (कॉलमांवर आडवं पसरणं) हा परिच्छेदाचाच गुण आहे, 2010 च्या सीएस5 पासून. एकदा स्टाईलमध्ये भरला की अंकातली सगळी हेडिंगं एका फटक्यात आडवी होतात. लेखात चार ओळी वाढल्या तरी हेडिंगला हात लावावा लागत नाही.

अजून एक, विषय नसला तरी सांगतो. अर्धं मॅटर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात आणि अर्धं युनिकोडमध्ये असं एका फाइलीत देऊ नका. हेडिंगपेक्षा आमचा जीव तिथं जास्त जातो.

पंचगंगाकाठचा
तुमचं खरं, पण तुमच्याकडं येणारे किती? बहुतेक मंडळं आणि पतसंस्था वर्डमधूनच पीडीएफ काढून थेट छपाईला देतात. पान लावायचे वेगळे पैसे मोजायची तयारी नसते. मी बोलतोय ते त्यांच्यासाठी.

मॅडम, मराठी विभाग
कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडं असतं आणि मी टेक्स्ट बॉक्सच्या बाजूची आहे.

सेक्शन ब्रेक स्क्रीनवर दिसत नाही, हीच त्याची मोठी खोड. मुलं रिकामी ओळ समजून डिलीट दाबतात. ब्रेकच्या वरच्या भागाची मांडणी त्या ब्रेकमध्येच साठवलेली असते. तो गेला की वरचा भाग खालच्या सेक्शनला जाऊन मिळतो आणि हेडिंग बिचारं दोन कॉलमांत शिरतं. मुलाला वाटतं, आपण तर काहीच केलं नाही. शिवाय वीस लेख म्हणजे चाळीसभर सेक्शन. एखाद्या सेक्शनमध्ये पानाचा क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू करायचं बटण चुकून दाबलं गेलं, तर अख्खा अंक धुंडाळत बसा.

आमच्याकडं प्रत्येक लेख नव्या पानावर सुरू होतो. बॉक्स पानाच्या डोक्याशी, 'टॉप अँड बॉटम' रॅपिंग (मजकूर बॉक्सच्या फक्त वर-खाली), आणि उभी जागा परिच्छेदापासून न मोजता समासापासून ठरवलेली. तो जागचा हलत नाही, आणि मुलांना डोळ्यांनी दिसतो.

पंचगंगाकाठचा
मॅडम, पानाच्या डोक्याशी ठीक आहे. पण अर्ध्या पानाचे छोटे लेख एकाखाली एक आले की? बॉक्सचा अँकर (त्याला मजकुराशी बांधणारी खूण) कुठल्यातरी परिच्छेदाला असतो. वर मजकूर वाढून तो परिच्छेद उजव्या कॉलमात गेला की बॉक्सही जागा सोडतो. पुढच्या पानावर गेला, तर बॉक्सही तिकडं. आणि बॉक्समधली हेडिंगं नॅव्हिगेशन पेनमध्ये (बाजूच्या हेडिंगांच्या यादीत) दिसत नाहीत, म्हणजे शंभर पानांत लेख शोधायचा तो स्क्रोल करत.

ब्रेक दिसत नाहीत म्हणता, तर होम टॅबवरचं ते उलट्या 'पी'सारखं चिन्ह दाबा. दुहेरी ठिपक्यांची रेघ आणि त्यावर नाव, सगळं समोर येतं. मुलांना पहिल्या दिवशी एवढं शिकवलं की झालं.

मॅडम, मराठी विभाग
ते चिन्ह चालू केलं की मुलं विचारतात, 'मॅडम, हे ठिपके छापून येणार काय?'

खासबागेतला वाचक
मी छापत नाही, टाइपही करत नाही, नुसता वाचतो. तुमचा वाद हेडिंग कसं पसरवायचं यावर चाललाय. पोटातली हेडिंगं पसरवूच नयेत, असं माझं म्हणणं.

लेखाचं नाव आडवं असू दे, त्याला हरकत नाही. पण पानाच्या मध्यावर उपशीर्षक दोन्ही कॉलमवर आडवं टाकलं की पानाचे वर-खाली दोन तुकडे होतात. डाव्या कॉलममधून वाचत खाली येताना ते हेडिंग आडवं येतं. आता त्याच्याखाली उतरायचं, की उजवीकडं वर चढायचं? बरोबर वाट उजवीकडं वर चढायची. पण डोळा सरळ खाली घसरतो, कारण रकाना तळापर्यंत वाचायची सवय असते. पाच ओळी वाचल्यावर कळतं की मधलं काहीतरी सुटलंय. एका स्मरणिकेत राधानगरी धरणावरच्या लेखात एकाच पानावर अशी तीन आडवी उपशीर्षकं होती. एका पानाचे आठ तुकडे! धरण बांधून झालं तरी जमीन कुणाची गेली ते यायचंच होतं.

लक्ष्मीपुरीतला छापखानेवाला
या साहेबांशी शंभर टक्के सहमत. गिऱ्हाईक मागतंय म्हणून आम्ही करून देतो, पण बरोबर नाही ते.

पंचगंगाकाठचा
उपशीर्षकाबाबत मान्य. तसं वर्डमध्येही ते जाचकच. दरवेळी ब्रेक घातला की वर्ड वरचा मजकूर दोन्ही कॉलमांत समान वाटतो, मग तीन-तीन ओळींचे बुटके कॉलम तयार होतात. उपशीर्षक कॉलममध्येच ठेवावं आणि 'कीप विथ नेक्स्ट'ची खूण करावी, म्हणजे ते कॉलमच्या तळाशी एकटं पडत नाही. मुख्य हेडिंगचा हट्ट मात्र मी सोडणार नाही.

मुक्तस्रोतवाला
वर्डवरच भांडताय सगळे. लिबरऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये पान एका कॉलमचंच ठेवायचं आणि लेखाच्या मजकुरापुरता सेक्शन घालून त्याला दोन कॉलम द्यायचे. हेडिंग त्या सेक्शनच्या बाहेर, आपोआप आडवं. सेक्शनला नाव देता येतं, त्याची हद्द पानावर दिसते. मजकूर दोन्ही कॉलमांत समान वाटायचा की नाही, हेही एका खुणेवर. मॅडमच्या डिलीटच्या तक्रारीवर याहून बरा उपाय नाही. फक्त पानाच्या स्टाईललाच दोन कॉलम देऊ नका, मग हेडिंगला फ्रेमशिवाय वाट उरत नाही.

आणि स्टाईलमध्ये आकार 26 केला तरी मराठी हेडिंग लहानच राहतं, असं ज्यांचं होतं त्यांनी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा कप्पा बघावा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथून लागतो, वर्डमध्येही. इंग्रजीच्या कप्प्यातला आकडा कितीही वाढवा, देवनागरी ढिम्म.

मॅडम, मराठी विभाग
या कप्प्याबद्दल आभार. गेल्या अंकात मुलांनी प्रत्येक हेडिंग निवडून हातानं मोठं केलं होतं. बाकी कॉलेजच्या लॅबमध्ये वर्डच आहे, त्यामुळं माझे बॉक्स तूर्त चालू राहतील.

लक्ष्मीपुरीतला छापखानेवाला
वर्डमधूनच छापणार असाल तर एवढं तरी करा. हेडिंग कॉलममध्ये आलं की शेजारच्या दोन कॉलमांच्या ओळी वरखाली होतात. उजेडाला पान धरलं की मागच्या पानाच्या ओळीही रांगेत नसतात. मजकुराच्या ओळीची उंची 'एक्झॅक्टली' (न बदलणारी) 15 पॉइंट ठेवा. उपशीर्षकाची ओळ 18, वर मोकळी जागा 9, खाली 3. बेरीज 30, म्हणजे मजकुराच्या बरोबर दोन ओळी. उपशीर्षक एका ओळीत मावणारंच द्या. दुसरी ओळ आली की 18 ची भर पडते आणि रांग मोडते. 15 मध्ये रफार किंवा वेलांटीचं डोकं कापलं जातंय का, ते एक पान छापून बघा. कापलं जात असेल तर ओळ 16 आणि बेरीज 32.

पंचगंगाकाठचा
हे आजच लावून बघतो. आणि 'हेडिंग 1' मीही स्टाईलनंच लावतोय बरं का. उद्या तालमीनं पैसे मंजूर केले, तर तीच फाइल तुमच्याकडं येईल.

लक्ष्मीपुरीतला छापखानेवाला
या की. पण ब्रेक काढून आणा.